देवी आल्या, देवी काढल्या : सोलापूरच्या घराघरांतील लशीचा निर्णय

१/२४
मराठीत एकेकाळी दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी नांदत होते. 'देवी आल्या' म्हणजे रोग झाला. 'देवी काढल्या' म्हणजे लस टोचून झाली. रोग आणि त्यावरचा उपाय, दोहोंना एकच नाव. या दोन देवींच्या मध्ये उभ्या असलेल्या आईबापांना एक निर्णय घ्यावा लागे : धडधाकट मुलाच्या दंडावर जखम करू द्यायची की नाही? सोलापूर आणि त्याच्या भोवतीच्या महाराष्ट्राकडे पाहत त्या निर्णयाचा मागोवा घेणारा हा धागा.

२/२४
आजच्या पिढीने देवीचा रोगी पाहिलेला नाही. आधी दोन ते चार दिवस प्रखर ताप, कंबरदुखी. मग तोंडावर, हातापायांवर, तळव्यांवरही दाट, टणक फोड. रोगाच्या तीव्र प्रकारात दर दहा रुग्णांपैकी सुमारे तीन दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभर खोल वण राहत; काहींची दृष्टी जाई. एकदा रोग होऊन गेला की तो सहसा पुन्हा होत नसे. त्यामुळे तो मुख्यतः मुलांचा वैरी ठरला.

३/२४
घरात या रोगाला 'रोग' म्हणत नसत. शीतला देवी किंवा आई अंगात वस्तीला आली, अशी श्रद्धा होती. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागत, फोडणी-तळण बंद होई, परक्या माणसाला आत घेत नसत, आजारी मुलाशीही आदराने बोलत. यातील काही नियम, विशेषतः घर बंद ठेवणे, आजच्या विलगीकरणाशी जुळतात. अर्थात रोग टळावा हा त्यांचा हेतू नव्हता. पाहुणी रागावू नये, एवढीच काळजी होती.

४/२४
सोलापुरात ही पाहुणी अनेक भाषांत ओळखली जाई. मराठी घरात ती देवी, कानडी घरात सिडुबु, तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या घरात अम्मवारू, दख्खनी बोलणाऱ्या घरात चेचक. तेलंगणात पोचम्मा या ग्रामदेवतेशी हा रोग जोडलेला होता. भाषा, धर्म आणि जात वेगवेगळी असली तरी उंबरठ्याआडचा प्रश्न सारखाच होता. म्हणूनच लशीची कहाणी एका समाजापुरती सांगता येत नाही.

५/२४
१४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला गोस्तन देवीच्या फोडातील द्रव टोचला. गाईच्या आचळांवर येणारा हा सौम्य रोग गवळणींना होई आणि मग त्यांना देवी येत नसत, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. जेन्नर यांनी ते ज्ञान तपासून १७९८ मध्ये प्रसिद्ध केले. पण हा द्रव उष्णतेत लवकर निकामी होत असे. तो भारतापर्यंत पोहोचवायचा कसा, हे मोठेच कोडे होते.

६/२४
व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा टप्प्यांनी ती लस अखेर मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि यशस्वी ठरली. तिच्या दंडावरच्या फोडातून आणखी पाच मुलांना, त्यांच्याकडून पुढच्यांना, अशी साखळी सुरू झाली. त्याच वर्षी पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास येथे लस पोहोचली. भारतातील लसीकरणाचा उगम एका तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर आहे.

७/२४
ही 'दंडावरून दंडावर' पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे वाद तिच्यातूनच उपजले. एका मुलाला लस टोचायची. सुमारे आठव्या दिवशी फोड भरला की तो उकलून त्यातील द्रव पुढच्या मुलांना द्यायचा. साखळी तुटली तर लसच संपली. १८२७ पासून मुंबई इलाख्यात फिरत्या लसटोचकांची व्यवस्था उभारली गेली. गावोगाव जाणारा 'देवी काढणारा' तेव्हापासून ओळखीचा झाला.

८/२४
आता एका विणकराच्या घरातून हा प्रसंग कसा दिसत असेल, ते पाहावे. बाळ निरोगी आहे. अनोळखी माणूस त्याचा दंड चिरतो. तीन-चार दिवसांनी ताप, सूज, रडे. आई कांड्या भरायच्या सोडून त्याला घेऊन बसते. आठव्या दिवशी तोच माणूस परत येतो आणि भरलेला फोड पुन्हा उकलतो, तेही दुसऱ्यांच्या मुलांसाठी. आपले मूल वाचले की नाही हे मात्र कळणार पुढची साथ आल्यावर. या आईचा नकार केवळ अज्ञानातून आला, असे म्हणता येईल का?

९/२४
ऋतुचक्रानेही अडचण वाढवली होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. त्या उष्म्यात जुन्या पद्धतीची लस टिकत नसे. म्हणून टोचणीचा हंगाम हिवाळ्याचा. देवीचा कहर मात्र वसंतात आणि उन्हाळ्यात होई. उत्तरेत तिला 'वसंत रोग' असेही नाव होते. म्हणजे साथ दारात नसताना, रब्बीच्या ज्वारीची कामे चालू असताना, पुढच्या संकटासाठी आज मुलाला ताप आणवायचा. आणि साथ आल्यावर लोक धावत, तेव्हा लस हाताशी असेलच असे नाही.

१०/२४
सर्वांत नाजूक प्रश्न : तो द्रव कोणाच्या अंगातला? जातिव्यवस्थेने स्पर्शाचे काटेकोर नियम घातलेल्या समाजात दुसऱ्या जातीच्या मुलाचा द्रव आपल्या मुलाच्या रक्तात जाणार, ही कल्पना अनेक घरांना असह्य होती. या आक्षेपात जातीचा अहंकार होता, हे नाकारता येत नाही. मात्र त्याच प्रश्नाची दुसरी बाजू वैद्यकीय होती. दंडावरून दंडावर लस देताना उपदंशासारखे रोगही संक्रमित होऊ शकतात, हे युरोपातील डॉक्टरांना पुढे मान्य करावे लागले.

११/२४
त्यात सरकार परके. देशाच्या अनेक भागांत अफवा उठत : दंडावरची खूण म्हणजे सरकारी शिक्का, पुढे कर लावतील, मुलांना पळवून नेतील. अफवा खोट्या होत्या. त्यांचे मूळ मात्र खऱ्या अनुभवात होते. सरकारचा माणूस गावात येई तो सारा मागायला, मोजणी करायला किंवा शिक्षा द्यायला. तोच माणूस एक दिवस 'तुमच्या मुलाच्या भल्यासाठी आलो' म्हणाला, तर विश्वास बसण्यास वेळ लागणारच.

१२/२४
इकडे सोलापूर झपाट्याने बदलत होते. १८६० मध्ये आगगाडी आली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने या भागाला होरपळून काढले; १८७७ मध्ये 'जुनी मिल' सुरू झाली आणि पोटासाठी माणसे शहरात लोटू लागली. जिल्ह्यात पंढरपूरच्या वाऱ्या, शहरात संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा. गर्दी, दाटीवाटीच्या वस्त्या, सततची ये-जा : माणसावाचून दुसरा आश्रय नसलेल्या देवीच्या विषाणूला याहून सोयीचे ते काय असणार?

१३/२४
मग कायदा आला. १८७७ मध्ये मुंबई शहरात मुलांचे लसीकरण सक्तीचे झाले. १८८० चा भारतीय लसीकरण कायदा नगरपालिका व छावण्यांसाठी होता. पण तो सर्वत्र आपोआप लागू नव्हता. आधी अधिसूचना काढायची, रहिवाशांना हरकतींसाठी सहा आठवडे द्यायचे, मग निर्णय. कायद्यातील 'मूल' म्हणजे चौदा वर्षांखालील मुलगा, पण आठ वर्षांखालील मुलगी. घरातल्या मुलीपर्यंत सरकारचा हात कुठवर पोहोचू शकतो, याची जाणीव त्या व्याख्येत दिसते.

१४/२४
१८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेतील सोलापूर जिल्ह्याचा खंड प्रसिद्ध झाला. या मालेतील आरोग्याच्या प्रकरणांत टोचलेल्या मुलांचा हिशेब लिंग, धर्म आणि वय यांनुसार मांडलेला असतो. एक वर्षाखालील किती आणि वरील किती, हेही. सरकारी कागदाला आकडा समजतो. कोणत्या घराने दार उघडले, कोणी मूल लपवले, कोणी सुनेचे ऐकले आणि कोणी सासूचे, ते मात्र त्या रकान्यांत उमटत नाही. इतिहास वाचताना हे गाळलेले भाग ध्यानात ठेवावे लागतात.

१५/२४
बळजबरीने काय होते, याचा धडा १८९७ मध्ये मिळाला. प्लेगच्या साथीत ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात सैनिकांनी घरे झडतीस घेतली, माणसे छावण्यांत नेली; २२ जूनला रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. हाफकिन यांनी त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. उपाय हाती होता, पण सोजिरांच्या बुटांनी उंबरठे तुडवल्यावर त्या उपायाकडेही लोक संशयानेच पाहू लागले. पुढे सरकारला सक्ती सैल करावी लागली.

१६/२४
देवीच्या लशीबाबत खरा बदल घडला तो लस तयार करण्याच्या पद्धतीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वासरांच्या आणि रेडकांच्या त्वचेवर लस वाढवणे सुरू झाले. पुढे बेळगावच्या लस संस्थेत या भागासाठी लस बनू लागली. गोवंशाचा संबंध आल्याने काहींनी नवी हरकत घेतली, हे खरे. पण दुसऱ्याच्या मुलाचा द्रव घेण्याची गरज संपली, आपल्या मुलाचा फोड उकलू देण्याची वेळही संपली. आईबापांचे दोन मोठे आक्षेप उपदेशाने नव्हे, पद्धत बदलल्याने गळून पडले.

१७/२४
विरोध केवळ अशिक्षितांचा होता, हा समज मात्र चुकीचा. महात्मा गांधींनी आपल्या आरोग्यविषयक लेखनातून देवीच्या लशीला उघड विरोध केला होता. १९३० च्या आरंभी साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुले दगावली. त्यांत आश्रमाचे संगीतगुरू पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगाही होता. काही आठवड्यांतच खरे दांडीयात्रेत चालले. गांधीजी या मृत्यूंनी व्यथित झाले, पण त्यांचे मत पालटले नाही. मतांची किंमत कधी कधी मुले चुकवतात, याचे हे वेदनादायक उदाहरण.

१८/२४
आता कांजिण्यांकडे वळावे लागते, कारण या साऱ्या काळात त्यांनी गोंधळ माजवला होता. देवी आणि कांजिण्या हे वेगळे रोग आहेत, हे विल्यम हेबर्डन यांनी १७६७ मध्ये लंडनमध्ये मांडले. घरात मात्र दोन्ही 'आईचेच' रूप. देवीची लस कांजिण्यांपासून संरक्षण देत नाही. त्यामुळे टोचलेल्या मुलाला कांजिण्या आल्या, की शेजारीपाजारी म्हणायला मोकळे : देवी काढूनही आल्याच ना! लस न चुकताही बदनाम होई.

१९/२४
स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९६७ पासून जागतिक आरोग्य संघटनेने मोहीम तीव्र केली. गोठवून वाळवलेली लस उन्हाळ्यातही टिकू लागली. बेळगावसह देशातील चार संस्था ती बनवू लागल्या. पूर्वीच्या फिरत्या दातेरी लॅन्सेटने दंडावर मोठे वण पडत. आता दुहेरी टोकाची साधी सुई आली, पंधरा टोचे की काम झाले. ऋतूची अट गेली, वेदना कमी झाली. आणखी दोन आक्षेप मिटले.

२०/२४
ऑक्टोबर १९७३ पासून घरोघर शोध सुरू झाला. कार्यकर्ते रोग्याचे चित्र असलेले कार्ड दाखवत विचारत : असा कोणी पाहिला का? येथे कांजिण्यांची ओळख निर्णायक ठरली. फोड चेहऱ्यावर व हातापायांवर दाट, सगळे एकाच अवस्थेत, तळव्यांवरही, तर देवीचा संशय. धडावर अधिक, पातळ, काही नवे तर काही खपली धरलेले, तर कांजिण्या. शंका असल्यास खपल्या प्रयोगशाळेत जात. शतकानुशतके एका नावाखाली झाकलेले दोन रोग गावपातळीवर वेगळे होऊ लागले.

२१/२४
शेवट सोपा नव्हता. १९७४ मध्ये देशात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण आणि ३१ हजारांवर मृत्यू नोंदले गेले. त्यांतील बहुसंख्य उत्तर व पूर्व भारतात, विशेषतः बिहारमध्ये. मे १९७५ मध्ये शेवटचा रुग्ण आढळला. नवा रुग्ण दाखवणाऱ्यास १,००० रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. कोणीही खरा रुग्ण दाखवू शकले नाही. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त घोषित झाले. त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर जो वण असतो तो बहुधा क्षयाच्या बीसीजी लशीचा, देवीचा नव्हे.

२२/२४
देवी गेल्या, पण भाषा आणि रिवाज राहिले. आजही अनेक घरांत कांजिण्या झाल्या की 'देवी आल्या' म्हणतात, कडुनिंबाचा पाला अंथरतात, फोडणी बंद करतात. कांजिण्यांवरची लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली. १९६४ मध्ये त्यांच्याच लहानग्या मुलाला कांजिण्यांचा तीव्र त्रास झाला होता. त्या रात्रीच्या काळजीतून संशोधनाला दिशा मिळाली. एका बापाची अस्वस्थता पुढे कोट्यवधी मुलांच्या कामी आली.

२३/२४
भारतात गोवराची लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात मोफत मिळते. कांजिण्यांची लस त्यात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना तिच्या दोन मात्रांची शिफारस करते, पहिली १५ महिन्यांच्या सुमारास, खर्च कुटुंबाचा. म्हणून सोलापुरातील विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या घरात 'लहानपणी येऊन जाऊ दे' हा जुना सल्ला अजून जड वाटतो. बहुतेक मुलांत हा रोग सौम्य असतोही. पण प्रौढ, गर्भवती आणि दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्यांना तो घातक ठरू शकतो. आणि मोफत लस चुकवण्याची किंमत २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावच्या गोवराच्या उद्रेकाने दाखवली.

२४/२४
दोन शतकांच्या या इतिहासाचे सार काय? लशीला नाही म्हणणाऱ्या घरांचे प्रश्न बहुधा खरे होते : द्रव कोणाचा, वेदना किती, मजुरी बुडाली तर काय, आणि सांगणारा कोण? धमकीने हे प्रश्न सुटले नाहीत. लस सुधारली, सुई बदलली, दारात येणारा माणूस ओळखीचा झाला, तेव्हा दारे उघडली. मात्र प्रश्न खरे असले तरी देवीने कोणासाठी वाट पाहिली नाही. उत्तर मिळेतो कितीएक पाळणे रिकामे झाले. 'देवी काढणे' हा शब्द कोशात उरला आहे. त्यामागे ज्या आईबापांनी भीत भीत का होईना मुलाचा दंड पुढे केला, त्यांच्यामुळेच 'देवी आल्या' हे वाक्य आज कोणाच्या काळजाचा थरकाप उडवत नाही.